चुकलेला पदच्छेद

लोहाचा स्टेन केलेली अस्थिमज्जेची स्लाइड मी पहिल्यांदा नीट पाहिली, तेव्हा समोर सर बसले होते. दोघांना एकाच वेळी पाहता येईल असा तो सूक्ष्मदर्शक होता, त्यामुळे आम्हा दोघांच्या डोळ्यांसमोर एकच पेशी होती. फिकट गुलाबी पार्श्वभूमी, मधोमध गोल केंद्रक आणि त्या केंद्रकाला बिलगून निळ्याशार ठिपक्यांची अर्धवट माळ. "मोज," सर म्हणाले. मी मोजले, सात भरले. "आणि केंद्रकाचा घेर किती व्यापलाय?" अर्ध्याहून थोडा अधिक, मी सांगितले. निदान पाच ठिपके आणि त्यांनी केंद्रकाच्या घेराचा निदान एक तृतीयांश भाग व्यापलेला, असे दिसले की त्या पेशीला रिंग सायडेरोब्लास्ट म्हणायचे, हे मी त्या दुपारी शिकले आणि आजही मोजताना तोच हिशेब ओठांवर येतो.

हा निळा रंग फार जुना आहे. पोटॅशियम फेरोसायनाइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांच्या साहाय्याने पेशीतले लोह निळे करून दाखवण्याची ही रीत माक्स पर्ल्स यांनी १८६७ मध्ये मांडली आणि तिच्यात फारसा बदल न करता आपण ती अजून वापरतो. लाल रक्तपेशी घडत असताना तिला हीम, म्हणजे हिमोग्लोबिनचा लोह धरून ठेवणारा भाग, तयार करण्यासाठी लोह लागते. हीम तयार होण्याची अखेरची पायरी माइटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तिच्यातल्या छोट्या घटकांत, असते, म्हणून लोह तिथवर नेले जाते. रिंग सायडेरोब्लास्टमध्ये ते तिथवर पोचलेले असते, पण पुढे त्याचे काही होत नाही. केंद्रकाभोवती दाटलेल्या माइटोकॉन्ड्रियांत ते साचून राहते आणि आपल्याला निळे कडे दिसते. शरीरात लोह भरपूर, आणि रुग्ण मात्र पांढराफटक पडलेला. स्वेन ब्यॉर्कमन यांनी १९५६ मध्ये अशा चार रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हापासून हे कडे पाठ्यपुस्तकांत आहे.

"हे लोह अडकतं कशामुळे?" असे मी सरांना विचारले होते. ते थोडा वेळ आयपीसमधून डोळे न काढता बसून राहिले आणि म्हणाले, "ते अजून कळलेलं नाही. जे दिसतं ते नीट लिहायचं." पुढे कितीतरी वर्षे मी तेच केले. कडी असलेल्या पेशी किती टक्के, ब्लास्ट म्हणजे अगदी कोवळ्या, न घडलेल्या पेशी किती टक्के, पेशींच्या ठेवणीत कुठे कुठे बिघाड आहे, हे सगळे लिहायचे आणि खाली निदान लिहायचे : मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम. म्हणजे असा रोग, ज्यात मज्जा पेशींनी भरलेली असते, पण त्या पेशी पुऱ्या घडायच्या आतच मरतात, रक्तात त्यांची वाण पडते आणि काही रुग्णांत पुढे त्याच मज्जेतून तीव्र ल्युकेमिया उभा राहतो.

मग २०११ साल आले. जपानमध्ये सेइशी ओगावा यांच्या गटाने आणि ब्रिटनमधल्या सँगर इन्स्टिट्यूटमधील पीटर कॅम्पबेल, एली पापाएमानुइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या पेशींतली जनुके अक्षर न् अक्षर वाचून काढली आणि कडे असलेल्या रुग्णांमध्ये पुन्हा पुन्हा एकच जनुक बिघडलेले सापडले. ज्या रुग्णांत ही कडी ठळक असतात, त्यांच्यात पाचांपैकी साधारण चौघांत ते बिघडलेले असते. त्याचे नाव एसएफ३बी१. तो लेख वाचताना मला झालेला गोंधळ अजून आठवतो. लोहाशी संबंधित काहीतरी निघेल, हीम घडवणारे एखादे विकर निघेल, असे मनात धरून मी वाचत होते. पण या जनुकाचा लोहाशी काहीच थेट संबंध नव्हता. शरीरातल्या प्रत्येक पेशीत, मेंदूत, यकृतात, त्वचेत, आरएनएची, म्हणजे जनुकावरून उतरवलेल्या नकलेची, काटछाट करणाऱ्या यंत्रणेचा तो एक भाग होता. त्या काटछाटीला स्प्लाइसिंग म्हणतात. ती बिघडली तर सगळे शरीरच कोसळायला हवे. इथे मात्र फक्त रक्त बिघडत होते, आणि तेही अशा ठरावीक, निळ्या, मोजता येण्याजोग्या पद्धतीने.

स्प्लाइसिंग म्हणजे काय, हे मला स्वतःला समजून घ्यायला जुन्या पोथ्यांचा आधार घ्यावा लागला. जुन्या हस्तलिखितांत शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. अक्षरे सलग चालत राहतात आणि कुठे शब्द संपला, कुठे नवा सुरू झाला, हे वाचणाऱ्याने ठरवायचे असते. याला पदच्छेद म्हणतात. समजा, ओळीत 'नवराजागा' अशी पाच अक्षरे आली. तिसऱ्या अक्षरानंतर तोडले तर 'नवरा जागा' असे वाचता येते, म्हणजे कुणाचा तरी नवरा अजून झोपलेला नाही. तेच एक अक्षर आधी तोडले आणि शेवटचा 'गा' सुटा वाचला, तर 'नव राजा गा' असे होते आणि नव्या राजाचे स्तवन करा, अशी आज्ञा कानावर पडते. एकही अक्षर खोडलेले नाही, एकही बदललेले नाही. पहिला छेद एका अक्षराने सरकला, आणि वाक्यातली माणसेच बदलली.

आपल्या जनुकांची लिखावट अशीच सलग असते, आणि तिच्यात आणखी एक अडचण असते. प्रथिनाचा अर्थ सांगणारे तुकडे, म्हणजे एक्झॉन, एकमेकांना लागून नसतात. त्यांच्यामध्ये इंट्रॉन नावाचा लांबलचक मजकूर पसरलेला असतो. पेशी आधी सगळाच्या सगळा मजकूर आरएनएत उतरवून घेते, मग इंट्रॉन कापून टाकते आणि एक्झॉन एकमेकांना सांधते. (पोथीत काही कापून टाकत नाहीत, त्यामुळे माझी उपमा इथे अपुरी पडते, पण छेद कुठे पडतो यावर अर्थ अवलंबून असणे दोन्हीकडे सारखेच आहे.) किती कापले जाते याची कल्पना डिस्ट्रोफिन या स्नायूंतल्या जनुकावरून येईल. त्याची लांबी सुमारे २२ लाख अक्षरे आहे, त्यात ७९ एक्झॉन आहेत आणि कापाकापी पुरी झाल्यावर उरणारा संदेश जेमतेम १४ हजार अक्षरांचा असतो. शंभरातली नव्याण्णवहून अधिक अक्षरे टाकून द्यायची आणि उरलेली एका अक्षराचीही चूक न करता सांधायची, असे हे काम आहे.

ही गोष्ट १९७७ पर्यंत कोणाच्या ध्यानीमनीही नव्हती. त्या वर्षी अमेरिकेत दोन ठिकाणी एका साध्या विषाणूच्या, अ‍ॅडिनोव्हायरसच्या, आरएनएला त्याच्याच डीएनएवर बसवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले. दोन धागे एकमेकांवर सरळ बसतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात डीएनएचे मोठमोठे फासे बाहेर लोंबताना दिसले, कारण त्या भागांशी जुळणारा मजकूर आरएनएत उरलाच नव्हता. या शोधासाठी रिचर्ड रॉबर्ट्स आणि फिलिप शार्प यांना १९९३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. सुझन बर्गेट, क्लेअर मूर, लुईझ चाऊ ही नावे त्या पारितोषिकात नाहीत. आयुष्यभर सूक्ष्मदर्शकासमोर बसणाऱ्या माझ्यासारखीला याची खंत वाटते, कारण ते फासे डोळ्यांनी पाहून ओळखणाऱ्यांमध्ये त्या होत्या.

कापणारे यंत्र कोणते, हे कळायला आणखी थोडा काळ गेला, आणि ते कळले तेही रुग्णांच्या रक्तामुळे. ल्युपस नावाच्या आजारात शरीर स्वतःच्याच पेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. जोन स्टाइट्झ आणि मायकेल लर्नर यांनी अशा रुग्णांची प्रतिपिंडे गळासारखी वापरून पेशीतून आरएनए आणि प्रथिने यांचे छोटे छोटे संच बाहेर ओढून काढले. हेच संच एकत्र येऊन स्प्लाइसोसोम बनतो. त्यांची नावे यू१, यू२, यू४, यू५, यू६ अशी रुक्ष आहेत, पण कामाची वाटणी फार नेटकी आहे. आरएनएची अक्षरे चारच, ए, सी, जी आणि यू. इंट्रॉनच्या सुरुवातीला बहुधा जी आणि यू ही दोन अक्षरे असतात, तिथे यू१ बसतो. शेवटी ए आणि जी असतात, ती यू२एएफ१ नावाचे प्रथिन ओळखते. त्या शेवटाच्या थोडे अलीकडे एक विशिष्ट 'ए' असतो, तिथे इंट्रॉन स्वतःभोवती वळून फास बनवतो. त्या 'ए'वर यू२ची पकड बसवून देणारे प्रथिन म्हणजे एसएफ३बी१. आणि "हा तुकडा ठेवायचा आहे, टाकू नका" असे एक्झॉनमधूनच बजावणारे प्रथिन म्हणजे एसआरएसएफ२.

२०११ नंतर हळूहळू लक्षात आले ते असे की मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोमच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत या काटछाट मंडळातले कोणी ना कोणी बिघडलेले असते. चार नावे सतत येतात : एसएफ३बी१, एसआरएसएफ२, यू२एएफ१ आणि झेडआरएसआर२. चौघांच्या चुकीची तऱ्हा मात्र वेगवेगळी आहे आणि मला या विषयातले हेच सर्वांत मोलाचे वाटते.

एसएफ३बी१ हे १३०४ अमिनो आम्लांचे लांब प्रथिन आहे. रुग्णांत वारंवार आढळणारी चूक ७०० व्या जागी असते. तिथे लायसीनऐवजी ग्लुटामेट येते, एवढेच. या एका बदलाने यू२ची पकड नेहमीच्या 'ए'वरून सुटून अलीकडच्या दुसऱ्याच एका 'ए'वर बसते, आणि छेद ठरलेल्या जागेच्या दहा ते तीस अक्षरे आधीच पडतो. इंट्रॉनचे शेपूट एक्झॉनला चिकटून पुढे जाते. नवराजागाचा छेद सरकला, तसाच हा. प्रथिन घडवताना आरएनए तीन-तीन अक्षरांच्या गटांनी वाचला जातो. जास्तीची अक्षरे तिनाच्या पटीत नसली की पुढचा सगळा मजकूर सरकतो आणि लवकरच 'थांबा' असा खोटा संकेत लागतो. पेशी अशा संदेशांबाबत सावध असते. सांध्यापाशी ठेवलेल्या खुणांवरून ती ताडते की 'थांबा' भलत्याच जागी आले आहे, आणि प्रथिन घडण्याआधीच तो संदेश नष्ट करते. एसएफ३बी१च्या चुकीमुळे निघालेल्या संदेशांपैकी जवळपास निम्मे असे नष्ट होतात, असा अंदाज आहे. म्हणजे परिणाम दिसतो तो विकृत प्रथिनाचा नव्हे, तर हव्या असलेल्या प्रथिनाच्या टंचाईचा.

आता त्या निळ्या कड्याकडे परत येते. ज्या संदेशांत हा छेद सरकतो, त्यांत एबीसीबी७ नावाच्या जनुकाचा संदेश आहे. हे प्रथिन माइटोकॉन्ड्रियाच्या आवरणात बसते आणि लोह-गंधक यांच्या जोडणीसाठी लागणारा माल आतून बाहेर पाठवते. तेच जनुक जन्मतःच बिघडलेले असले तर मुलग्यांना तोल जाण्याचा विकार आणि त्याबरोबर रक्तक्षय होतो, आणि त्यांच्या मज्जेत हीच निळी कडी दिसतात. हीमच्या कच्च्या मालाला माइटोकॉन्ड्रियात शिरायला मदत करणाऱ्या टीएमईएम१४सी या आणखी एका प्रथिनाचा संदेशही असाच बिघडतो. ही दोन प्रथिने घटली की लोह आत येते आणि अडकून पडते. सरांनी "ते अजून कळलेलं नाही" म्हटले होते, त्याचे उत्तर इथे होते. १९५६ पासून लोक डोळ्यांनी जे पाहत आले, मोजत आले, ती प्रत्यक्षात सरकलेल्या छेदांची सावली होती. हे वाचल्यावर मी कपाटातून जुनी एक स्लाइड काढून पुन्हा पाहिली. पेशी तशीच होती, ठिपके तेच होते, पण मी ते आता वेगळ्या नजरेने मोजत होते.

यू२एएफ१ची चूक अधिक सूक्ष्म. इंट्रॉनच्या शेवटच्या ए-जीच्या लगेच आधी कोणते अक्षर आहे, यावर त्याची आवड-निवड बदलते. ज्या जागा ते पूर्वी सहज स्वीकारत असे त्या आता नाकारते, नको त्या स्वीकारते, आणि त्यामुळे काही एक्झॉन गळतात तर काही जास्तीचे येतात. त्यात आयआरएके४ या दाहाचा संकेत पुढे नेणाऱ्या प्रथिनाची लांब आवृत्ती वाढते आणि मज्जेत दाहाचे संकेत अकारण पेटते राहतात. झेडआरएसआर२ हे इंट्रॉनांच्या एका छोट्या, दुर्मीळ जातीसाठी लागते. ते एक्स गुणसूत्रावर असल्याने त्याचे बिघाड प्रामुख्याने पुरुषांत दिसतात.

एसआरएसएफ२बद्दल मात्र मला सावकाश लिहायचे आहे, कारण त्याच्याशी माझ्या एका रुग्णाची गाठ आहे. रुग्ण म्हणायचे तेही सवयीने. पॅथॉलॉजिस्टला रुग्ण भेटत नाही. तो भेटतो स्लाइडच्या क्रमांकातून, सोबतच्या कागदावरच्या वयातून आणि दोन ओळींच्या माहितीतून. या गृहस्थांचा चेहरा मी कधी पाहिला नाही. पण त्यांची मज्जा मी चार वर्षांत तीनदा पाहिली, आणि तिसऱ्या वेळेपर्यंत मला तिच्या पेशींची ठेवण ओळखीची झाली होती.

पहिल्या स्लाइडमध्ये बिघाड असा होता की नवखा डोळा तो सहज चुकवील. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींच्या केंद्रकांचे खंड नीट पडलेले नव्हते, काहींतले कण विरळ होते. ब्लास्ट पेशी पाच टक्क्यांच्या आत. दुसऱ्या वेळी त्या दहाच्या पुढे गेल्या होत्या. तिसऱ्या वेळी स्लाइड भिंगाखाली सरकवल्या क्षणी मोजायची गरजच उरली नाही, कारण नजरेच्या कक्षेत मोठ्या, कोवळ्या, एकसारख्या पेशींखेरीज दुसरे काही फारसे नव्हते. वीस टक्क्यांच्या पुढे त्याला तीव्र ल्युकेमिया म्हणतात. मी तरीही मोजले, कारण अहवालात आकडा लिहावा लागतो.

उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी मागे जपून ठेवलेल्या नमुन्यांतली जनुकेही तपासून घेतली होती. एसआरएसएफ२ची चूक पहिल्याच नमुन्यात होती, ९५ व्या जागी, जिथे ती नेहमी असते. आरयूएनएक्स१ या दुसऱ्या जनुकाची चूक पहिल्या नमुन्यात नव्हती, ती नंतर येऊन मिळाली होती. रोग बळावतो म्हणजे काय, हे मला त्या कागदावर जितके स्पष्ट दिसले तितके व्याख्यानांत कधी दिसले नव्हते. काटछाटीची चूक आधी घर करते. तिच्या जोरावर मूलपेशींचा एक वंश हळूहळू पसरतो. मग त्या पसरलेल्या वंशात कुठेतरी दुसरी चूक होते, तिसरी होते, आणि त्यांपैकी एखादी त्या पेशींना पूर्ण घडण्याच्या वाटेवरून कायमचे खाली उतरवते. म्हणूनच तीव्र ल्युकेमियाच्या नव्या रुग्णात ही काटछाटीची जनुके बिघडलेली सापडली, तर आधीचा मज्जेचा आजार कोणाच्या लक्षात आला नसला तरी ल्युकेमिया त्यातूनच निघाला असे जवळपास खात्रीने म्हणता येते, आणि आजच्या वर्गीकरणात असा ल्युकेमिया प्रतिकूल गटात धरला जातो.

एसआरएसएफ२ नेमके काय बिघडवते? निरोगी प्रथिन एक्झॉनमधल्या दोन प्रकारच्या अक्षरजुळण्या सारख्याच आवडीने धरते, एकीत 'सी' अधिक, दुसरीत 'जी' अधिक. बिघडलेले प्रथिन 'सी'वाल्या जुळणीकडे झुकते. त्यामुळे ईझेडएच२ नावाच्या जनुकाच्या संदेशात एरवी वगळला जाणारा एक तुकडा आत शिरतो. त्यात 'थांबा' हा संकेत असतो, म्हणून अभ्यासक त्याला विषारी एक्झॉन म्हणतात. संदेश नष्ट होतो आणि ईझेडएच२ घटते. हे प्रथिन मूलपेशीत नको असलेली जनुके बंद करून ठेवण्याचे काम करते. इतर काही रुग्णांत ईझेडएच२ जनुक स्वतःच बिघडलेले असते, आणि लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की हे दोन्ही बिघाड एकाच रुग्णात सहसा आढळत नाहीत. एकाच मुक्कामाला जाणाऱ्या दोन वाटा असल्या की दोन्हींवरून कोणी चालत नाही.

पण एकट्या ईझेडएच२वर सगळा दोष टाकणे मला पटत नाही. कर्करोगाची गोष्ट सांगताना आपल्याला एक गुन्हेगार हवा असतो, एक बिघडलेले जनुक, एक वेडावलेले प्रथिन. काटछाट बिघडते तेव्हा शेकडो संदेश थोडे थोडे बिघडतात. काही निम्मे घटतात, काही वेगळ्याच आवृत्तीत निघतात, बहुतेकांचे काहीच बिघडत नाही. त्यांतला एकही एकटा ल्युकेमिया घडवू शकेल असे वाटत नाही. रोग त्या सगळ्यांच्या बेरजेत असतो, आणि बेरीज उंदरांवरच्या प्रयोगात सहजी दिसत नाही. एसआरएसएफ२ची चूक घातलेल्या उंदरांच्या मूलपेशी निरोगी मूलपेशींशी स्पर्धेत मागे पडतात. माणसांत मात्र तोच वंश वर्षानुवर्षे वाढत जातो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वृद्ध माणसांच्या रक्ताचे नमुने वर्षानुवर्षे तपासले गेले, तेव्हा काटछाटीच्या जनुकांतली चूक असलेले वंश उतारवयातच वर येताना आणि एकदा वर आल्यावर वेगाने पसरताना दिसले. बहुधा म्हातारी मज्जा ही वेगळीच भूमी असते. तरुण मज्जेत जी पेशी टिकली नसती, ती तिथे इतरांपेक्षा बरी ठरते.

आणखी एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. प्रत्येक पेशीत या जनुकांच्या दोन प्रती असतात आणि एसएफ३बी१, एसआरएसएफ२, यू२एएफ१ यांच्या रुग्णांत फक्त एकच प्रत बिघडलेली असते. दुसरी धड असते, ती काम करते, आणि म्हणूनच रोगट पेशी जगते. दोन वेगवेगळ्या काटछाट-जनुकांच्या चुका एका पेशीत जवळपास कधीच आढळत नाहीत. २०१८ मध्ये प्रयोगशाळेत एसएफ३बी१ आणि एसआरएसएफ२ दोन्ही एकाच पेशीत बिघडवून पाहिले, तेव्हा ती पेशी टिकली नाही. म्हणजे ही रोगट पेशी उरल्यासुरल्या निरोगीपणाच्या आधारावर उभी असते. तो आधार थोडा काढून घेतला तर निरोगी पेशी तग धरतील आणि ही कोसळेल, असा तर्क त्यातून निघाला आणि काटछाटीलाच लगाम घालणारी औषधे करून पाहिली गेली. ई७१०७ या औषधाच्या चाचणीत काही रुग्णांच्या दृष्टीवर परिणाम झाला आणि ती थांबवावी लागली. एच३बी-८८०० या पुढच्या औषधाने काही रुग्णांना रक्त कमी लागू लागले, पण रोग हटला असे कोणात झाले नाही. तर्क चुकीचा होता असे मी मानत नाही. निरोगी आणि रोगी यांच्यातले अंतर आपल्याला वाटले त्याहून अरुंद निघाले.

एसएफ३बी१ची चूक, अनेकदा त्याच ७०० व्या जागी, क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियाच्या, म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींच्या संथ कर्करोगाच्या, सुमारे दहांपैकी एका रुग्णात सापडते. तिथे ती सौम्य रोगाची खूण नसते. तिथे ती रोग लवकर बळावण्याशी आणि फ्लुडॅराबिनसारख्या औषधाला दाद न देण्याशी जोडलेली आहे. मज्जेत निळी कडी आणि संथ रोग, लिम्फोसाइटमध्ये त्याच चुकीचा कठोर रोग. अहवाल लिहिताना म्हणूनच मी जनुकाचे नाव एकटे कधी सोडत नाही, ते कोणत्या पेशीत सापडले हे त्याच ओळीत लिहिते. कित्येक रुग्ण हल्ली अहवाल स्वतः वाचतात, त्यातला एक शब्द उचलून रात्रभर शोधत बसतात, आणि तो शब्द दुसऱ्याच आजारातला अर्थ त्यांच्यासमोर ठेवतो.

उपचारांतून निसटण्यासाठीही रोग काटछाटीचाच आसरा घेतो. काही लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियांत रुग्णाच्याच टी पेशींना, म्हणजे शरीराच्या रक्षक पेशींना, रोगट पेशींच्या पृष्ठभागावरचे सीडी१९ हे प्रथिन ओळखायला शिकवून सोडतात. २०१५ मध्ये दाखवले गेले की उपचारानंतर परतलेल्या काही पेशी सीडी१९च्या संदेशातला दुसरा एक्झॉन वगळत होत्या. जो भाग टी पेशी ओळखतात तो तेवढ्याने नाहीसा होतो आणि शिकारी समोर असून त्याला सावज दिसत नाही. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियातही असा प्रकार आहे. पूर्व आशियातल्या काही लोकांत बिम या जनुकाच्या इंट्रॉनमधला सुमारे २,९०० अक्षरांचा तुकडा जन्मतःच नसतो. तेवढ्याने काटछाट अशी वळते की पेशीला मरायला लावणारा भाग संदेशात येत नाही, आणि इमॅटिनिबसारखी औषधे हवी तशी लागू पडत नाहीत. हे २०१२ मध्ये कळले. ज्या मजकुराला लोक एके काळी निरर्थक म्हणत, त्याच्या गैरहजेरीने औषधाचा गुण जातो.

निळी कडी असलेल्या रुग्णांसाठी २०२० पासून लस्पॅटरसेप्ट नावाचे औषध उपलब्ध आहे. ते काटछाट सुधारत नाही. लाल पेशींच्या घडणीला उशिराच्या टप्प्यावर लागलेला ब्रेक ते सैल करते, त्यामुळे अडखळणाऱ्या पेशींपैकी बऱ्याच पुढे सरकतात. ज्या चाचणीवरून त्याला मान्यता मिळाली, तिच्यात औषध घेणाऱ्यांपैकी ३८ टक्के रुग्णांना निदान आठ आठवडे रक्त चढवावे लागले नाही. औषधाविना हे प्रमाण १३ टक्के होते. हे आकडे मोठे नाहीत, पण दर दोन-तीन आठवड्यांनी रक्तासाठी रुग्णालयात जाऊन खुर्चीत दिवस काढणाऱ्या माणसासाठी आठ आठवडे म्हणजे काय, हे त्याच्या घरच्यांना विचारावे.

गेल्या वर्षी अशाच एका बाईंची मज्जा माझ्याकडे आली. सोबतच्या कागदावर लिहिले होते की औषध सुरू होऊन सात महिने झाले, पाच महिन्यांत रक्त चढवावे लागलेले नाही, हिमोग्लोबिन वाढले आहे. मी लोहाचा स्टेन केलेली स्लाइड लावली. समोर प्रशिक्षणासाठी आलेली मुलगी बसली होती. पहिल्याच कक्षेत, गुलाबी पार्श्वभूमीवर, केंद्रकाला बिलगलेली ती माळ होती. "मॅडम, पण त्या तर बऱ्या झाल्यात ना?" तिने विचारले. मी तिला आधी ठिपके मोजायला सांगितले. तिने मोजले, नऊ भरले. मग मी कागद पुढे ओढला आणि लिहिले : रिंग सायडेरोब्लास्ट पूर्वीइतकेच आहेत, ब्लास्ट पेशी वाढलेल्या नाहीत.